आवाज येतो

केरबा पांचाळ दुकानात आले
तेव्हा होळी होऊन चार दिवस झाले होते
आणि परभणीत पंखे आधीच हरले होते.
हातावर वेल्डिंगचे काळे ठिपके,
खिशात वहीचं फाडलेलं पान:
"एक हजार पत्रकं. गुलाबी कागद.
मजकूर तुमीच बसवा, ताई."

मी बसवला.
पंचवीस वर्षं बसवतेच आहे,
लग्न, दशक्रिया, उद्घाटन, क्लासेस, मूळव्याध.
छापखाना गेला, कॉम्प्युटर आला,
तरी शब्द माझ्याकडे खिळ्यांसारखे डब्यातच,
हात घातला की येतात:
हिमालयाचा गारवा आता आपल्या अंगणी.
दर्जा, विश्वास, परंपरा यांचा त्रिवेणी संगम.
त्वरा करा! त्वरा करा!

त्यांनी एकेक शब्द बोटानं दाबत वाचला,
पत्रा कुठं पातळ आहे ते बघावं तसा.
"हिमालय कामून?
मी जिंतूरच्या पुढं गेलो न्हाई कधी.
आन् संगम कशाचा? टाकीत एकच पाणी."

"मग काय आहे तुमच्या कूलरात?"
हे मी जरा चिडूनच विचारलं.

ते स्टूल ओढून बसले.
बावीस गेजचा पत्रा.
गवत तीन बाजूंनी, दाबून भरलेलं.
टाकी एवढी की संध्याकाळी भरली
तर रात्री दोनला कुणी बादली घेऊन उठत न्हाई,
अंधारात कुणाच्या पायावर पाय पडत न्हाई.
ष्टँड वेगळा, त्याचे पैसे वेगळे,
"हे आधीच लिव्हा, मागून तोंड वाकडं नको."
आणि मग, चष्मा पुसत:
"आन् आवाज येतो."

"ते नाही लिहायचं, काका."
"कामून? येतो की.
पयल्या दिवशी शेजारी इचारतात, गिरणी टाकली का?"
थोडा वेळ गप्प.
रस्त्यावरून एक टमटम गेली.
"पर माझ्या नातीला आता
त्याच्याबिगर झोप लागत न्हाई."

मी हिमालय खाली उतरवला.
संगम आटवला.
मधोमध, मोठ्या टायपात:

आवाज येतो.
झोप पण येते.

खाली टाकी, पत्रा, भाव, ष्टँडचे वेगळे पैसे, फोन.
उद्गारचिन्ह एकही नाही.
माझ्या पोराला वाटलं, मी विसरले.

एप्रिलात पत्रकं संपली, दुसरी हजार पिवळ्यावर.
गिऱ्हाईक शटरशी उभं राहून म्हणायचं,
तो आवाजवाला दाखवा.
गंगाखेड रोडच्या एकानं तेच वाक्य उचललं
आणि पुढं तीन उद्गारचिन्हं ठोकली.
त्याचा माल खपला नाही म्हणे.
खपलाही असेल,
मला सांगणारे केरबाकाकाच.

यंदा पुन्हा आले. पुन्हा वहीचं पान.
मोटारीखाली रबर बसवलंय,
पाती तोलून घेतलीत.
"आता आवाज न्हाई.
वरची वळ काढा."
"काका, त्या ओळीवर तर धंदा चालला!"
"चालला आसंल.
पर आता ती लबाड झाली."

दुपारभर बसले मी.
शांत, निवांत, गारेगार, सुखद, मंद,
डबा उपडा करून सगळे खिळे पाहिले,
एकही उभा राहीना.
शेवटी वरची ओळ काढली,
खालचा 'पण'ही काढला,
तो आता कुणाला टेकून उभा राहणार?
उरलं एवढंच:

झोप येते.

वर बोटभर जागा मोकळी राहिली.
मी ती भरली नाही,
बिलातही धरली नाही.

प्रूफवर सही करून काका निघाले,
दारात चप्पल शोधताना म्हणाले,
"घरचा मातर जुनाच ठिवलाय.
तसाच. खडखड.
नातीसाठी."

"हे लिहू का?"
माझा हात की-बोर्डवर गेलाच होता.

"छ्या.
त्यो इकायचा न्हाई."